सोळा गोलांचे गणित

या अंकासाठी खेळावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. मी गणित शिकवते. शाळेतल्या मुलींच्या फुटबॉलचे काम माझ्याकडे आले ते क्रीडाशिक्षक सरांना मुलांचे संघच पुरून उरतात म्हणून. त्यामुळे खेळातील तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर शनिवारी शिट्टी घेऊन मैदानावर उभी राहणारी एक बाई म्हणून हे वाचावे, ही विनंती.

२०२२ साली ११ ते ३० ऑक्टोबर या काळात भारतात सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक झाला. सोळा देशांचे संघ आले होते. सामने तीन ठिकाणी झाले : भुवनेश्वरचे कलिंग स्टेडियम, नवी मुंबईतले डी. वाय. पाटील स्टेडियम आणि आपल्या शेजारचे, मडगावचे फातोर्डा. इभा नावाची सिंहीण हे स्पर्धेचे बोधचिन्ह होते. आमच्या पाचवीच्या मुलींनी तिची चित्रे वहीच्या मागच्या पानावर काढली होती. भारताचा महिलांचा कोणताही संघ फिफाच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता, पात्रता फेरी खेळावी लागली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हिशेबात ते लागणार आहे.

भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले. ११ तारखेला अमेरिकेने आपल्याला ८–० असे हरवले. मध्यंतरालाच पाच गोल झाले होते. आठवा गोल केला मिया भुता या भारतीय वंशाच्या मुलीने. १४ तारखेला मोरोक्कोशी गाठ होती. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता आणि आमच्या घरी सगळे खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. नंतर पेनल्टीवर दोहा अल मदानीने पहिला गोल केला आणि सामना ०–३ असा गेला. १७ तारखेला ब्राझीलने पाच गोल केले. आठ, तीन आणि पाच मिळून सोळा. आपण केलेले गोल शून्य.

ही बेरीज मी एकटीने केली नाही. दिवाळीनंतरच्या पालकसभेत आठवीतल्या एका मुलीचे वडील मला म्हणाले, "बाई, तुम्हीच गणित शिकवता. देशातल्या निवडक मुली, परदेशी प्रशिक्षक, सरकारचा खर्च, आणि सोळा-शून्य. मग आमच्या पोरीने नववीचं वर्ष त्यात कशाला घालवायचं?" बोलणे उर्मट नव्हते. माणूस सरळ आहे, दुकान सांभाळून मुलीला स्वतः शिकवणीला सोडायला येतो. मुलगी आमच्या संघात मधल्या फळीत खेळायची. पुढच्या जूनपासून ती मैदानावर आली नाही.

सभेत दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आता त्याच मुलीची धाकटी बहीण सातवीत आहे, गोलरक्षक आहे आणि येत्या जूनमध्ये आठवीत जाईल. शिवाय नवीन वर्षाचे मैदानाचे वेळापत्रक विश्वस्त मंडळापुढे यायचे आहे. म्हणून आता सविस्तर लिहिते.

सोळा हा आकडा खरा आहे. पण वर्गात मी नेहमी सांगते की उत्तरासोबत पायऱ्याही दाखवा. त्या संघाच्या पायऱ्या पाहू.

ही स्पर्धा खरे तर २०२० मध्येच भारतात व्हायची होती. करोनामुळे ती आधी २०२१ वर ढकलली गेली आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये रद्दच झाली. यजमानपद आपल्याला २०२२ साठी मिळाले. ऐकायला हे सोपे वाटते, पण वयोगटाच्या स्पर्धेत दोन वर्षे म्हणजे एक पिढी. २०२० च्या स्पर्धेत १ जानेवारी २००३ नंतर जन्मलेल्या मुली खेळू शकत होत्या, २०२२ च्या स्पर्धेत १ जानेवारी २००५ नंतरच्या. म्हणजे २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या ज्या मुली शिबिरांत घाम गाळत होत्या, त्यांचे वयच निघून गेले. त्यांचा पराभवसुद्धा कुठे नोंदला गेला नाही.

मग नव्या मुली आल्या. स्वीडनचे थॉमस डेनरबी हे प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनच्या महिलांनी २०११ च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला होता. जमशेदपूरला शिबिर झाले, इटली, नॉर्वे, स्पेन असे दौरे झाले. आणि स्पर्धा दोन महिन्यांवर असताना, २०२२ च्या ऑगस्टच्या मध्यावर, फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप होतो, हे कारण. यजमानपदही त्याबरोबर गेले. २६ ऑगस्टला निलंबन उठले आणि स्पर्धा परत मिळाली. मोठ्या माणसांच्या त्या भांडणात कोण चूक, कोण बरोबर, हा माझा विषय नाही. पण सोळा वर्षांच्या मुली त्या दिवसांत रोज सकाळी सरावाला जात होत्या आणि आपण खेळणार की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. बोर्डाच्या परीक्षेच्या आधी दोन महिने परीक्षाच होणार नाही असे कोणी सांगितले, तर आमच्या दहावीच्या मुलींचे काय होईल?

संघाची कर्णधार अस्तम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. ती कर्णधार झाल्यावर प्रशासनाला जाग आली आणि तिच्या गावाला रस्ता करायला घेतला गेला. त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील मजुरीला होते, अशी बातमी तेव्हा सगळीकडे छापून आली होती. गावकऱ्यांना सामना पाहता यावा म्हणून तिच्या घरी टीव्हीची सोय करण्यात आली. पुण्याची काजोल डिसोझा त्या संघात होती. बाकीच्यांत झारखंड, मणिपूर, हरियाणाच्या मुली पुष्कळ. मोठ्या शहरांतल्या, ज्यांच्या घरी रस्ता आणि टीव्ही दोन्ही आधीपासून आहेत अशा घरांतल्या मुली थोड्याच. असे का असावे, याचा विचार आपल्यासारख्या घरांनी करायला हरकत नाही.

आता समोरच्या संघांकडे पाहू. अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शाळा-महाविद्यालयात मुलगे आणि मुली असा भेदभाव करायचा नाही, हे त्याचे सार. खेळही त्यात आला. म्हणजे भुवनेश्वरला आपल्यावर आठ गोल करणाऱ्या मुलींच्या आधी, शाळेचे मैदान हक्काने वापरलेल्या पन्नास वर्षांच्या मुली होत्या.

पण अमेरिका सोडा. ब्राझीलचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. फुटबॉल म्हटले की आपण ब्राझीलचे नाव घेतो, पण त्या देशात १९४१ पासून १९७९ पर्यंत स्त्रियांना फुटबॉल खेळायला बंदी होती. स्त्रीच्या शरीराला हा खेळ मानवत नाही, अशी समजूत. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेनेही १९५५ मध्ये आपल्या क्लबांना बायकांसाठी मैदाने द्यायला मनाई केली, ती १९७० मध्ये उठली. आणि आपण? १९८० च्या जानेवारीत कालिकतला महिलांची आशियाई स्पर्धा झाली, तेव्हा भारताचा संघ अंतिम फेरीत होता. १९८३ मध्ये पुन्हा उपविजेता. त्या काळात आशियात महिला संघ मोजकेच होते हे खरे, त्यामुळे त्याचा फार डांगोरा पिटायचे कारण नाही. पण ज्या वेळी ब्राझीलच्या मुलींची बंदी नुकती उठत होती, त्या वेळी आपल्या मुली देशासाठी खेळत होत्या. म्हणजे आपण मागून सुरुवात केलेली नव्हती. त्यांनी पुढची चाळीस वर्षे मैदान दिले, स्पर्धा दिल्या, आणि आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय लीग सुरू व्हायलाच २०१६–१७ चा हंगाम उजाडला.

सोळा गोलांमागची पहिली पायरी ही.

दुसरी पायरी मला फातोर्ड्याला दिसली. उपान्त्य फेरीचे दोन्ही सामने २६ ऑक्टोबरला मडगावला होते. त्या वर्षी दिवाळीचे गणितच बिघडले होते : लक्ष्मीपूजन २४ ला, २५ ला सूर्यग्रहण, आणि २६ ला पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी. अशा दिवशी कुणाच्या मुली घेऊन गावाला जायचे म्हणजे सोपे नव्हे. तरी चार मुली, एकीची आई आणि मी असे सहाजण निघालो. मुलींनी पहाटे उठून भावांना ओवाळले. एकीचा भाऊ झोपेतून उठेना, तिने त्याला अंथरुणातच ओवाळले आणि ओवाळणीची नोट उशाखालून स्वतःच काढून घेतली, असे ती प्रवासभर सांगत होती. चोर्ल्याच्या घाटात दोघींना गाडी लागली. गोव्यात शिरल्यावर रस्त्याच्या कडेला जळालेल्या नरकासुरांचे सांगाडे अजून पडलेले होते, ते पाहून सगळ्या ताज्यातवान्या झाल्या. माझी मावसबहीण मडगावला असते. तिच्याकडे जेवून आम्ही साडेचारच्या सामन्याला पोचलो. पिशवीत फराळ होता, तो दारावर ठेवून घेतला. चकल्यांचे मला आजही वाईट वाटते.

पहिला सामना नायजेरिया आणि कोलंबियाचा. गोल झाला नाही. या वयोगटात जादा वेळ देत नाहीत, थेट पेनल्टी. पाच-पाच फटके झाले तरी निकाल लागेना, आणि शेवटी कोलंबिया ६–५ असा जिंकला. कोलंबियाच्या संघात लिंडा कैसेदो होती. चौदाव्या वर्षी ती देशाच्या मोठ्या संघातून खेळली, पंधराव्या वर्षी तिला अंडाशयाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया आणि उपचार घेऊन ती परतली. हे मी मुलींना गाडीतच सांगितले होते. त्या साऱ्या सामन्यात आमच्या मुली चेंडू कुठेही असला तरी तिच्याकडेच पाहत होत्या. "बाई, ती धावतच नाही, आणि तरी पुढे असते," असे एक म्हणाली. मला विचाराल तर त्या वाक्यात अर्धा फुटबॉल आला.

हरल्यावर नायजेरियाच्या मुली मैदानावरच बसल्या. काही रडत होत्या. चार दिवसांनी त्याच मुलींनी तिसऱ्या क्रमांकासाठी जर्मनीला पेनल्टीवर हरवले. ते आम्ही घरी टीव्हीवर पाहिले.

रात्री आठला जर्मनी आणि स्पेन. सामना शेवटच्या मिनिटापर्यंत कोराच होता आणि तेव्हा स्पेनच्या लुसिया कोरालेसने गोल केला. पण मी गोलापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे पाहत होते. स्पेनची मधल्या फळीतली मुलगी चेंडू यायच्या आधी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, खांद्यावरून मागे पाहायची. चेंडू पायाशी आला तेव्हा पुढे काय करायचे हे तिचे ठरलेले असायचे. आपल्या मुली भुवनेश्वरला धावण्यात कमी पडल्या असे मला वाटले नव्हते. चेंडू आल्यावर मान वर करायच्या, आणि तोवर दोघीजणी अंगावर आलेल्या असायच्या. हा एक सेकंद शिबिरात शिकवून येत नाही. लहानपणापासून दर आठवड्याला खरा सामना खेळलेल्या मुलीच्या मानेत तो बसतो. पाढे पाठ असलेला मुलगा आणि बोटांवर मोजणारा मुलगा यांच्यात जो फरक असतो तोच. दुसराही हुशारच असतो. त्याच्याकडून पाढे म्हणून घेतलेले नसतात, इतकेच.

पुढे ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवून चषक राखला. तो एकमेव गोलही कोलंबियाच्याच बचावपटूकडून स्वतःच्या जाळ्यात गेलेला. म्हणजे जगातल्या पहिल्या दोन संघांत तेवढेच अंतर होते. २०१८ मध्ये हाच चषक जिंकलेल्या स्पेनच्या संघातल्या गोलरक्षक काता कोल आणि साल्मा पारायुएलो या दोघी २०२३ चा मोठ्या महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होत्या. पाच वर्षांत चक्रवाढ व्याज मिळाले म्हणायचे.

ज्या मोरोक्कोने आपल्याला तीन गोलांनी हरवले, त्यांचीही ती पहिलीच वेळ होती. आपल्यासारखेच नवखे. पण ते पात्रता फेरी खेळून आले होते. तिथे मुलींच्या फुटबॉलवर काही वर्षांपासून पद्धतशीर खर्च होत होता. २०२३ च्या मोठ्या महिलांच्या विश्वचषकात मोरोक्कोने बाद फेरी गाठली आणि २०२५ पासून सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक, आता चोवीस संघांचा, तिथेच भरू लागला. भुवनेश्वरच्या त्या ०–३ कडे मी जितक्या वेळा परत जाते तितक्या वेळा मला आशा वाटते. अमेरिका पन्नास वर्षे पुढे असेल. मोरोक्को थोडाच पुढे होता.

आणि आपल्या मुलींचे काय झाले? त्या पालकांनी सोळा-शून्यावर वही मिटली, पण खेळ पुढे चालू होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यांगूनला वीस वर्षांखालील मुलींची आशियाई पात्रता फेरी झाली. भारताने इंडोनेशियाशी बरोबरी केली, तुर्कमेनिस्तानला ७–० हरवले आणि यजमान म्यानमारला, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, पूजाने केलेल्या एका गोलावर १–० असे नमवले. वीस वर्षांनी भारताचा हा संघ आशियाई स्पर्धेला पात्र ठरला. त्यात शुभांगी सिंग होती, नेहा होती. दोघी भुवनेश्वरच्या त्या संघातल्याच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिश्केकला सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानविरुद्ध एक गोल मागे पडूनही २–१ असा विजय मिळवला आणि आशियाई स्पर्धेत जागा पटकावली. या वेळी यजमान म्हणून नव्हे. आधी सांगून ठेवलेला मुद्दा तो हा.

त्या आधीच्या जुलैमध्ये मोठ्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २–१ हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली होती, तेही जाता जाता सांगते. एकाच वर्षात तिन्ही गटांत. वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली हे मी कात्रणे काढायला बसले तेव्हा कळले. दोन कात्रणे मिळाली.

आता आपल्या मैदानाचे गणित. आकडे माझ्या हजेरीवहीतले आहेत, कुणावर टीका म्हणून देत नाही. आपल्या शाळेत मुलग्यांच्या फुटबॉलला आठवड्यातून सहा संध्याकाळी एक-एक तास मैदान असते. मुलींना शनिवारी शाळा सुटल्यावर पाऊण तास. परीक्षा, पाऊस, सुट्ट्या वजा जाता वर्षाचे साधारण पस्तीस आठवडे धरू. पाचवी ते सातवी या तीन वर्षांत मुलगा सहाशे तीस तास चेंडूसोबत असतो, मुलगी एकोणऐंशी तासांहूनही थोडी कमी. आठास एक हे प्रमाण. त्यानंतर आठवीत आपण म्हणतो की मुलींना मुळात आवडच नसते.

आठवीत मुली का थांबतात, हेही मी एकेकीला बसवून विचारले आहे. अभ्यास हे कारण घरचे सांगतात. मुली वेगळे सांगतात. मैदानाजवळ कपडे बदलायला जागा नाही. अडचणीच्या दिवसांत जायला जवळ स्वच्छतागृह नाही, जुन्या इमारतीपर्यंत जावे लागते. चड्डी फार तोकडी आहे. सहा वाजता अंधारात एकटीने बसथांब्यापर्यंत जायचे म्हणजे आई काळजी करते. आणि कुंपणापलीकडे उभे राहून मोठी मुले हसतात. या पाचांतली एकही गोष्ट फुटबॉलची नाही आणि एकीलाही परदेशी प्रशिक्षक लागत नाही. गुडघ्याखाली येणाऱ्या विजारी मागच्या वर्षी एका माजी विद्यार्थिनीने शिवून दिल्या, त्या दिवसापासून दोन मुली परत आल्या. हसणाऱ्या मुलांपैकी दोघांना मी चेंडू आणून द्यायच्या कामाला लावले आहे. आता ते आरडाओरडा करतात, पण आपल्या संघाच्या बाजूने.

पालकहो, अभ्यासाची भीती मला कळते. मी स्वतः दहावीचे वर्ग घेते, निकालाची टक्केवारी मलाच कार्यालयात द्यावी लागते. माझा अनुभव एवढाच की मैदानावर येणाऱ्या मुली संध्याकाळी सातला पुस्तकासमोर बसतात आणि नऊला झोपतात. न येणाऱ्यांपैकी काहीजणी सातला मोबाईल घेऊन बसतात. सगळ्यांचे असेच असेल असे म्हणत नाही. आणि आपली मुलगी देशासाठी खेळेल, असे आमिषही मी कुणाला दाखवणार नाही. आमच्या संघातली एकही मुलगी बहुधा फातोर्ड्याच्या गवतावर उतरणार नाही. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर जातो, तेही चार-चार गोल खाऊन. पण गेल्या वर्षी चार होते, त्याच्या आधी सात होते. या वर्षी शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही एक केलासुद्धा. गोल केलेल्या मुलीने चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे पाहिले होते. ते मी पाहिले, क्रीडाशिक्षक सरांनी पाहिले, आणि बहुतेक आणखी कुणी नाही.

धाकट्या बहिणीच्या वडिलांना एवढेच सांगायचे आहे की सोळा-शून्य हे त्या मुलींच्या कुवतीचे उत्तर म्हणून त्यांनी वाचले, आणि मी ते मिळालेल्या तासांचे उत्तर म्हणून वाचते. त्यांची धाकटी चेंडूवर झेप घेते तेव्हा डोळे मिटत नाही. गोलरक्षकात ही गोष्ट दुर्मिळ असते. शिकवून येत नाही, निदान मला तरी शिकवता आलेली नाही. त्यांनी एखाद्या शनिवारी दुकानातून पाऊण तास काढून कुंपणापाशी उभे राहावे. आत खुर्चीही देऊ.

विश्वस्त मंडळाकडे मागणी लहान आहे. जूनपासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन दिवस संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींना द्यावे. त्या दिवशी मुलग्यांचा सराव मागच्या अर्ध्या भागात होऊ शकतो, क्रीडाशिक्षक सरांची याला संमती आहे. मैदानाकडच्या जुन्या भांडारखोलीला कडी आणि दिवा लावून ती कपडे बदलायला द्यावी. शेजारी नळ आहेच, स्वच्छतागृहाचा अंदाजपत्रकी खर्च एका पालक-कंत्राटदाराने विनामूल्य काढून दिला आहे. सव्वासहाला मुलींना बसथांब्यापर्यंत सोडायला तीन आयांनी आळीपाळीने यायचे कबूल केले आहे.

अर्ज कार्यालयात दिला आहे. सोबत अठरा मुलींच्या सह्या आहेत. त्यातल्या अकरा सहावी-सातवीच्या आणि दोन आठवीच्या. बाकीच्या पाच पाचवीतल्या आहेत, त्यांनी सहीशेजारी इभाचे चित्रही काढले आहे, त्याबद्दल कार्यालयाने क्षमा करावी.